चार फुटांत एकच साहेब

दर रविवारी सकाळी सहा वाजता मोहोड साहेब समुद्र कालवतात.

मी गंमत करत नाही. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक निळा ड्रम आहे. त्यात ते फिल्टरचं पाणी भरतात, पोत्यातून मीठ काढून काट्यावर तोलतात, पाण्यात ओततात आणि लाकडी दांड्याने ढवळत बसतात. बसतात म्हणणं चुकीचं आहे, कारण हा माणूस बसत नाही. उभ्याने ढवळतात. घर्र घर्र, अर्धा तास. मग खिशातून खारटपणा मोजायची एक छोटी दुर्बीण काढतात, तिच्या काचेवर ड्रममधला एक थेंब टाकतात, सूर्याकडे तोंड करून एका डोळ्याने बघतात आणि म्हणतात, "अजून दोन चिमटी." नागपुरातून कुठल्याही बाजूने चालायला लागलं तरी समुद्र काही लवकर यायचा नाही. म्हणून यांनी घरीच करायचा ठरवला.

मनीषनगरात पोराने फ्लॅट घेतला आणि मी बाजार सोडून इथे राहायला आले, तेव्हा पहिल्या रविवारी मला वाटलं वर कोणी दळण घातलं आहे. माझी सून शीला म्हणाली, "नाही वं माय, ते समुद्रवाले काका आहेत." मी जिना चढून बघायला गेले. मला रिकामं बसायची सवय नाही. चाळीस वर्षं मासे विकले, हाताला काम नसलं की माझं डोकं फिरते. दार उघडलं त्या माणसाने, आणि मी त्याला ओळखलं. त्यानेही मला ओळखलं.

"भागाबाई," ते म्हणाले, "तुमचं ताजवं कसं आहे?"

हे साहेब वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होते. वर्षातून एकदा खऱ्या वजनांची पेटी घेऊन बाजारात यायचे. ते दिसले की अर्ध्या बायकांची वजनं पदराखाली जायची. माझी वजनं खरी होती, म्हणून मी तिथेच बसून राहायचे. तरी पहिल्याच वर्षी त्यांनी माझं ताजवं उलटं केलं आणि तळाला वाळून चिकटलेले माशांचे खवले बघितले. ते त्यांनी नखाने खरवडले, कागदावर घेतले आणि तोलले.

"बारा ग्राम," ते म्हणाले. "हे गिऱ्हाइकाचं नुकसान आहे."

"साहेब, मग खवल्याईले बी शिक्का मारता का?" मी म्हटलं.

बाजार हसला. साहेब हसले नाहीत. पण पुढच्या वर्षापासून ते माझ्याकडूनच रोहू न्यायचे. घरी नेऊन पुन्हा तोलत असतील, याबद्दल मला शंका नाही.

रिटायर झाले तरी खोड गेली नाही. गल्लीत भाजीची गाडी आली की साहेब खाली येतात. त्यांच्या कापडी पिशवीत पितळेचं अर्धा किलोचं वजन असतं. आधी ते गाडीवाल्याच्या काट्यावर ठेवतात, आकडा बघतात, मग मान हलवतात आणि पाव किलो टमाटे घेतात. गाडीवाला लांबूनच ओरडतो, "साहेब येऊन राहिले, काटा पुसा." लिफ्ट किती सेकंदांत वर जाते ते त्यांना माहीत आहे. शीलाने एकदा सांगितलं की आज फार गरम होऊन राहिलं, तर म्हणाले, "माप सांगा." माप माहीत नसेल तर ते गरमीवरसुद्धा बोलू देत नाहीत.

दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी सतत असतं. "घाई नाही, पण वेळही नाही." हे म्हणत ते घरात येरझारा घालतात. दार ते खिडकी, खिडकी ते दार. चहा उभ्याने पितात. आमची बेल वाजवून प्रश्न विचारतात आणि उत्तर यायच्या आत जिना चढायला लागतात. घरात एक खुर्ची आहे, तिच्यावर बादली असते.

बाकी हॉलमध्ये टाकी आहे. चार फूट लांब. आत दगड, दगडांवर जांभळी, हिरवी, गुलाबी पोवळी, पाण्याबरोबर डुलणारी. मी खोटं कशाला बोलू, चांगली दिसते. तलावाचे मासे विकण्यात जन्म गेला, पण पाण्याच्या आत बघायला काय असतं ते मी पहिल्यांदा तिथे बघितलं. मात्र साहेबांना ती टाकी दिसत नाही, त्यांना ऑफिस दिसतं.

"हे दोघं शिपाई," नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे दाखवून ते म्हणाले. "जागा सोडत नाहीत. हे शंख, सफाई खातं. ही कोळंबी, तिच्याकडे तक्रारी. स्टाफ पूर्ण आहे. फक्त मुख्य पद रिक्त आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे दारातून माणूस आत आला की ज्याच्याकडे आधी बघेल तो मासा. साहेब. चार फुटांत एकच बसतो. दोन साहेब झाले की भांडणं. आणि एकदा टाकला की बदली नाही, इतक्या दगडांतून परत पकडता येत नाही. म्हणून विचार करून राहिलो."

दोन वर्षं विचार करून राहिले होते.

मी म्हटलं, "एवढ्या पाण्यात एक रोहू टाका. वर्षभरात अडीच किलोचा होईल."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

उमेदवार पुष्कळ आले आणि गेले. रोज सकाळी बेल वाजायची आणि मला नवी बातमी मिळायची. निळाशार एक होता, बघून डोळे निवतील असा, पण त्याला पळायला सहा फूट लागतात. "चार फुटांत त्याले जेल होते," साहेब म्हणाले आणि गेले. दुसरा हिरव्या-निळ्या नक्षीचा, पैठणीच्या काठासारखा. तो फक्त दगडांवरचे बारीक जिवंत किडे खातो आणि दुसरं काही तोंडात घेत नाही. "माझ्याकडचे किडे तो दोन महिन्यांत संपवेल. मग?" मला काय माहीत मग. तिसरा टाकीतून उडी मारतो. चौथा पोवळी खातो. पाचव्याबद्दल ते जिना उतरून सांगायला आले आणि अर्ध्यात विसरून वर गेले.

शीलाने एकदा विचारलं, "काका, पण रंग कोणता पाहिजे तुमाले?"

"रंगाचं काय वं," ते म्हणाले. "खाल्लं पाहिजे."

हे मला खटकलं. शोभेसाठी मासा घ्यायचा, आणि पहिला प्रश्न, शेवटचा प्रश्न, एकच प्रश्न: खातो का? फोनवर दुकानदारांशी बोलायचे तेव्हाही तेच. रंग नाही, आकार नाही. खातो का? काय खातो? किती खातो? तुमच्यासमोर खाल्लं का? मुलगी बघायला गेलेला माणूस फक्त तिचं जेवण विचारत सुटला तर कसं वाटेल, तसं ते वाटायचं.

मार्चमध्ये, ऊन चढायला लागलं तेव्हा एका सकाळी बेल वाजली. साहेब हेल्मेट घालून उभे.

"वाडीले माल आला. विमानाने, रात्रीच. चला."

"मी काहून?"

"तुमची नजर पाहिजे. चाळीस वर्षं मासा पाहिला तुम्ही."

"मेलेला पाहिला जी."

"तेच. मरणारा कसा दिसते ते तुमाले कळते. घाई नाही, पण वेळही नाही."

मी त्यांच्या स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसले आणि अमरावती रोडने वाडीला गेले. दोन ट्रकांच्या मधून जाताना ते मागे वळून मला माशाच्या कल्ल्यांबद्दल विचारत होते. मी म्हटलं, समोर पाहा, नाहीतर आपलेच कल्ले कोणी तरी वर करून पाहील.

गोदामांच्या मागे पिंटू नावाचा एक माणूस भाड्याच्या खोलीत समुद्राचे मासे ठेवतो. बाहेर टायर पंक्चरचं दुकान, आत निळा उजेड आणि भिंतीभर टाक्या. चाळिशीतला पिंटू साहेबांना बघून डोक्याला हात लावून उभा राहिला. दोन वर्षांत त्याने त्यांना एकही मासा विकला नव्हता.

"आओ साहब. आज तो लेके जाओ. दया करो."

"खाऊन दाखवते का, ते पाहू."

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. ताजा मासा ओळखायचा तर कल्ला वर करून लाल आहे का बघायचं. मी बाही वर केली आणि टाकीत हात घातला.

"अरे माताजी! हात मत डालो!" पिंटू ओरडला. "काटा है उसको!"

मग मी हात मागे बांधून बघायला लागले. आणि एक गोष्ट लक्षात आली. कल्ला नाही दिसला तरी चालते. डोक्याच्या मागे, पाठीच्या सुरुवातीला बघायचं. खाणारा मासा तिथे भरलेला असतो. न खाणाऱ्याला तिथे खड्डा पडतो, जसा म्हाताऱ्या बैलाला पडतो. हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी कागद काढून लिहून घेतलं, आणि विचारलं, "खड्डा किती मिलिमीटर?"

पिंटूने खाणं टाकलं. एक पिवळाधमक मासा, तळहाताएवढा, असा धावून आला जसा लग्नातल्या पहिल्या पंगतीला माणूस धावतो. खाल्लं, मागितलं, परत खाल्लं. पाठ भरलेली, डोळा स्वच्छ. मी म्हटलं, "साहेब, हा. यात पाहायचं काही नाही."

साहेबांनी काचेला टेप लावला. लांबी बरोबर, चार फुटांत मावेल. पोवळी खात नाही. शिपायांशी भांडत नाही. कागदावर एकेक खूण करत गेले आणि शेवटी म्हणाले, "पास." पिंटूने देवाला हात जोडले. मासा पिशवीत गेला, पिशवीत हवा भरली, तोंडाला रबर लागलं.

तेव्हा साहेबांनी विचारलं, "आणि तो कोपऱ्यात कोण आहे?"

खालच्या टाकीत, पाइपाच्या मागे, एक मासा उभा होता. पांढरं अंग, त्यावर तांब्याच्या रंगाचे उभे पट्टे, आणि पुढे लांब बारीक चोच, जशी तेल घालायच्या कुपीला असते. सुंदर होता. पण डोक्यामागे असा खड्डा होता की त्यात ज्वारीचा दाणा राहिला असता.

"वो छोडो साहब," पिंटू म्हणाला. "कॉपरबँड है, पिछले माल का. नहीं खाता. पाँच दिन हो गए, सब डालके देखा."

साहेब बाहेर स्कूटरपर्यंत गेले. परत आत आले. त्या टाकीसमोर वाकले. परत बाहेर गेले. मी पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसून बघत होते. तिसऱ्यांदा आत आले तेव्हा हेल्मेट डोक्यावर तसंच होतं.

"पिंटू, पिवळ्याले पिशवीतून काढ."

"क्या?"

"काढ. याले भर."

मी उठले. "साहेब, वेड लागलं का? दोन वर्षं एकच विचारून राहिले, खातो का, खातो का. आता खाणारा सोडून न खाणारा घेता? हा मरतो. मी सांगते ना, चार-पाच दिवस."

"दिसते मले," ते म्हणाले.

"मग?"

"दिसल्यावर कसा सोडू?"

पिंटूने चार वेळा सांगितलं की परत घेणार नाही. साहेबांनी पिशवी शर्टाच्या आत, पोटाशी धरली, कारण ऊन लागेल. परतीच्या वाटेत पिशवी मलाच धरावी लागली. पूर्ण रस्ता मी बडबड करत आले आणि पूर्ण रस्ता हात हलू दिला नाही. दोन्ही कामं एकदम होतात.

नव्या माशाला लगेच मोठ्या टाकीत टाकत नाहीत. आधी वेगळ्या छोट्या टाकीत ठेवतात, रोगराई नाही ना ते बघायला. साहेब त्याला प्रोबेशन म्हणतात. ही प्रोबेशनची टाकी स्वयंपाकघरात ओट्यावर होती. त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेले. शेगडीच्या जागी टाकी, बाजूला मिठाचं पोतं, खाली सिलिंडर नाही.

"मग स्वयंपाक कुठं करता?"

"होते व्यवस्था," साहेब म्हणाले.

भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, रंग उडालेलं, पाच-सहा वर्षांपूर्वीचं. प्रत्येक चौकटीत पेनाने आकडे. सात, सात, सहा, पाच. पुढच्या महिन्यात चार, तीन. मी म्हटलं, "दूधवाला बदलला तरी त्याचं कॅलेंडर काहून टांगून ठेवलं जी?" त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि माशाकडे बघत राहिले.

मासा खात नव्हता.

पहिल्या दिवशी कोळंबीचे तुकडे केले, तोलून दोन ग्राम. दोन ग्राम तसेच परत काढले. दुसऱ्या दिवशी गोठवलेले किडे. तिसऱ्या दिवशी चिमट्यात धरून तोंडासमोर हलवलं. मासा चोच फिरवून कोपऱ्यात गेला. मी दिवसातून चार वेळा वर जायचे. शीला म्हणायची, "माय, गुडघे दुखतात म्हणून बाजार सोडला ना?" गुडघे दुखतच होते. पण खाली बसून तरी काय करायचं? टीव्हीवर कोणी मरणार असतं तर ते खोटं असतं.

जेव्हा जावं तेव्हा साहेब काचेला नाक लावून उभे. येरझारा बंद. मला तेच वाईट लक्षण वाटलं. हा माणूस फिरत असतो तोवर ठीक आहे.

"किती वेळ उभे आहात?"

"सकाळपासून."

"अन् तो?"

"पाहून राहिला माझ्याकडे."

"मग तो काय खाईल? कोणी तुमच्या तोंडाकडे असं टक लावून पाहिलं तर तुमाले घास उतरेल का?"

"न पाहता कळेल कसं किती खाल्लं?"

चौथ्या दिवशी त्या माशाच्या पाठीला धार आली होती. पिंटूकडचे पाच आणि इथले चार, नऊ दिवस. मी माप न लावता सांगू शकत होते की उद्या बघायला काही राहणार नाही. मी खाली गेले, चपला घातल्या, ऑटो केला आणि माझ्या जुन्या बाजारात गेले.

माझ्या जागेवर आता रुखमा बसते. ती म्हणाली, "काय पाहिजे मावशी, मरळ देऊ?"

"शिंपले दे. तलावाचे. जिवंत. मिटलेले पाहिजे."

"कोणासाठी?"

"एका साहेबासाठी," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्या चोचीचा विचार मी चार दिवस करत होते. देवाने एवढी लांब चोच काही समोर हलवलेला तुकडा खायला दिली नसेल. फटीत घालून ओढून काढायला दिली असेल. खाणं ताटात वाढून चालत नाही त्याला. त्याचं त्याला शोधून काढू द्यायला पाहिजे. आणि शोधताना कोणी बघायला नको. बाजारात आम्ही बाया दुपारी डबा सोडायचो तेव्हा गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायचो. दहा मिनिटं कोणी भाव विचारायचा नाही, आम्ही उत्तर द्यायचो नाही. तेवढ्याच वेळात जेवण व्हायचं.

वर जाऊन मी चादर मागितली आणि टाकीच्या तीन बाजूंनी टांगली. खुर्चीवरची बादली काढून जमिनीवर उलटी ठेवली.

"साहेब, बसा यावर. भिंतीकडे तोंड."

"मी?"

"दुसरं कोण आहे घरात?"

"भागाबाई, शिंपल्याचं वजन तरी करू द्या..."

"बसा!"

बसले. मी माझी जुनी सुरी आणली होती. शिंपला फोडला, अर्धा उघडा ठेवला, धुतला आणि हळूच पाण्यात सोडला. मग बाजूच्या फटीतून मी एका डोळ्याने बघत उभी राहिले. समोर टाकी, आणि तिच्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या साहेबांची पाठ.

"खाल्लं का?"

"आता तर टाकलं जी."

अर्ध्या मिनिटाने, "खाल्लं का?"

"गप राहा."

त्यांच्या तोंडासमोर फूटभर अंतरावर ते कॅलेंडर होतं. मी मुद्दाम बसवलं नव्हतं, स्वयंपाकघराला भिंती तेवढ्याच. त्यांचा एक पाय हलत होता. मग तो थांबला.

"हे दुधाचं नाही, भागाबाई," ते भिंतीला म्हणाले.

मी फटीला डोळा लावूनच राहिले.

"चमचे आहेत. सुनंदाचे, माझ्या बायकोचे. तिच्यानं खाणं होत नव्हतं शेवटी. पेज करायचो. मी भरवायचो आणि मोजायचो. सात चमचे खाल्ले की तो दिवस चांगला. डॉक्टर विचारायचे ना, किती खाल्लं. मग मी समोर बसून राहायचो, चमचा धरून, तिच्या तोंडाकडे पाहत. ती म्हणायची, अहो, तिकडे पाहा ना जरा." त्यांनी कॅलेंडरच्या एका चौकटीवर बोट ठेवलं. "मी नाही पाहिलं तिकडे. मोजण्यात चूक झाली असती."

रडले नाहीत. रडले असते तर मी खाली निघून गेले असते, मला ते जमत नाही.

मासा पाइपाच्या मागून निघाला होता. शिंपल्याच्या भोवती एक चक्कर मारली. मग दुसरी. डोळा तिरपा करून आत बघितलं. मग ती चोच फटीत गेली आणि एक लचका ओढून बाहेर आली. तोंड हललं. परत आत गेली.

"खाल्लं," मी म्हटलं.

साहेब उठायला लागले.

"मागं पाहाल तर याद राखा!"

परत बसले. "किती?"

"खाऊन राहिला. परत खाऊन राहिला. मी मोजणार नाही, अन् तुम्हीही नाही."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. शर्टाची कॉलर मागे सैल पडली. आणि तेव्हा मला दिसलं. डोक्याच्या मागे, मानेच्या दोन शिरांच्या मधे, खड्डा. कॉलरमध्ये माझी मूठ गेली असती. दोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर फिरत होता. फिरत होता, म्हणूनच दिसला नव्हता.

"साहेब, काल काय खाल्लं?"

"त्यानं? काही नाही. दोन ग्राम टाकलं, दोन..."

"तुम्ही."

"मी? बिस्किटं."

"किती?"

"चार," ते लगेच म्हणाले. माप त्यांना नेहमीच माहीत असतं.

"परवा?"

"चार."

मी खाली गेले. शीलाच्या भाकरी झाल्या होत्या, आंबाडीची भाजी होती, वर तेल-मिरची. ताट घेऊन जिना चढताना गुडघ्यांनी मला बऱ्याच शिव्या दिल्या. साहेब अजून भिंतीकडे तोंड करून तिथेच बसले होते. सांगितलं होतं तसे. मी ताट ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "फिरा आता."

ते फिरले. आधी मासा बघितला. बराच वेळ बघितला. मग ताट बघितलं.

"माझं होईल नंतर, भागाबाई. घाई नाही..."

"पिंटूच्या दुकानात काय म्हणता तुम्ही? इथंही तेच. खाऊन दाखवा."

"दोन भाकरी जास्त होतात."

"किती जास्त होतात ते खाल्ल्यावर कळते."

त्यांनी ताट मांडीवर घेतलं आणि त्या उलट्या बादलीवर बसूनच भाकर मोडली. पहिला तुकडा हातात धरून राहिले. समोर शिंपल्यात चोच जात होती आणि येत होती.

मी खुर्ची ओढली, पाठ त्यांच्याकडे केली, आणि खिडकीतून खाली बघत बसले. खाली भाजीची गाडी लागली होती. गाडीवाला काटा पुसून ठेवून वर साहेबांच्या मजल्याकडे बघत होता.